अडतीस घड्यांचा फिल्टर

व्याह्यांनी तो प्रश्न त्यांच्या घरी, भर जेवणात विचारला.

“व्याहीबुवा, एक सांगा. गाडीला तेलाचा फिल्टर कुठला घालावा? स्वस्तातला की भारीतला? गॅरेजवाला म्हणतो, भारीतलाच घाला. पण तो म्हणणारच, त्याला त्यात सुटतं. तुम्ही घरचे. तुम्ही खरं काय ते सांगाल.”

टेबलाभोवती सहाजण होते. एका बाजूला व्याही, विहीणबाई आणि जावई, दुसऱ्या बाजूला तपासनीस, त्यांची बायको आणि लेक. लेकीला पाचवा महिना होता, म्हणून सगळे तिच्याच ताटाकडे बघत होते. प्रश्न आल्यावर सगळ्यांनी तपासनीसांकडे पाहिलं.

तपासनीस फिल्टर बनवणाऱ्या कारखान्यात सव्वीस वर्षं माल तपासत होते. दर पाचशे डब्यांमागे एक उचलायचा, कटरनं कापायचा, आतला कागद ओढून काढून टेबलावर पसरायचा आणि त्याच्या घड्या मोजायच्या. मग गाडी बंद असताना तेल धरून ठेवणारं रबर चिमटीत घेऊन ताणून बघायचं. सगळं नियमात बसलं की ‘पास’चा शिक्का. हातात सदानकदा भिंग असायचं, म्हणून पाठीमागे त्यांना सगळे भिंगच म्हणत. पुढ्यात मात्र साहेब.

आणि सगळं नियमात बसायचंच, कारण नियम कारखान्याचेच होते. ते नोकरीला लागले तेव्हा कागदाला बावन्न घड्या लागत. नंतर शेहेचाळीस झाल्या, मग बेचाळीस, आणि धाकटे मालक गादीवर आल्यापासून अडतीस. दर वेळी नियम खाली आला आणि दर वेळी माल त्यात आधीपेक्षा जास्त आरामात बसला. बाजारात त्यांच्या पिवळ्या डब्याइतकं स्वस्त दुसरं काही नव्हतं.

“आमचाच घाला,” तपासनीस म्हणाले. “पिवळा. डोळे मिटून घाला.”

भाजी वाढून घेता घेता बायकोच्या हातातला डाव जागच्या जागी थांबला. कारण बाहेर फाटकाशी त्यांची स्वतःची गाडी उभी होती आणि तिच्यात काळा फिल्टर होता. दुसऱ्या कंपनीचा, पिवळ्याच्या तिप्पट किमतीचा. तपासनीस तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणत, आणि भाजीच्या पिशवीत, भाजीखाली ठेवून आणत.

“बस्स!” व्याह्यांनी टेबलावर थाप मारली. “आता दर वेळी पिवळाच. आणि यापुढे तर गाडीला उसंत नाही. सूनबाईंची डॉक्टरीण डोंगरापलीकडे. दर पंधरा दिवसांनी चढण चढायची, उतरायची. मी म्हटलं, परक्या गाडीत नको. मी स्वतः नेणार.”

तपासनीसांना ठसका लागला. लेकीनं पाण्याचा पेला पुढे केला.

व्याही म्हणजे सरळ माणूस. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतरचा सगळा वेळ त्यांनी पत्रं लिहिण्याला दिलेला. बस सात मिनिटं उशिरा आली, पत्र. बिस्किटाच्या पुड्यात एक बिस्कीट कमी निघालं, पत्र. रस्त्याच्या पाटीवर अक्षर चुकलं, पत्र आणि सोबत फोटो. कुणाला खोटं बोलताना पकडलं की त्यांना झोप चांगली लागे. अशा माणसाला तपासनीसांनी डोळे मिटून थाप मारली होती.

परतीच्या वाटेवर पहिला सिग्नल लागला तेव्हा बायको बोलली.

“खोटं बोललात.”

“खोटं कसं? आमचा फिल्टर नियमात बसतो.”

“मग आपल्या गाडीत का नाही बसत?”

सिग्नल सुटला. तपासनीसांनी गिअर टाकला तो चुकीचा पडला.

“असं एकदम कसं सांगणार?” ते थोड्या वेळानं म्हणाले. “लग्न जमवताना मी काय सांगितलं होतं? तपास विभागाचा प्रमुख आहे, माझ्या हाताखालून वाईट माल बाहेर पडत नाही. आता म्हणू, की बाहेर पडतो तो सगळा तसाच असतो?”

“मला काय विचारता? ती पोर त्या गाडीतून डोंगर चढणार आहे, एवढंच मला कळतं.”

तेवढंच त्यांनाही कळत होतं. अडतीस घड्यांचा कागद लवकर तुंबतो. तुंबला की आतली स्प्रिंग वाट मोकळी करून देते आणि तेल न गाळताच इंजिनात जातं. रबर कडक झालं की गाडी रात्रभर उभी राहिल्यावर फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी पहिले दोन-तीन सेकंद इंजिन कोरडं खडखडतं. म्हणून काही गाडी दरीत जात नाही. पण चढणीवर, आडरानात, इंजिनानं मान टाकली आणि गाडीत आठवा महिना लागलेली लेक असली तर? हा हिशोब कुठल्याच नियमात नव्हता.

काळा फिल्टर सरळ नेऊन दिला असता, तर व्याह्यांनी विचारलं असतं, हा काळा का? आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. दोन दिवस विचार करून तिसऱ्या दिवशी तपासनीसांनी ते काम केलं, जे त्यांच्यासारख्या माणसाच्या हातून होईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

त्यांनी दुसऱ्या टोकाच्या दुकानातून व्याह्यांच्या गाडीचा काळा फिल्टर आणला. कारखान्याच्या रंगखात्यातून डब्याच्या तळाशी उरलेला पिवळा रंग ‘घरी खिडकीला लावायचाय’ म्हणून मागून घेतला. रविवारी सकाळी मागच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसले, पॉलिशपेपरनं काळ्यावरची अक्षरं घासून काढली, आणि पिवळ्याचे दोन हात दिले. मग फिल्टर दोरीला बांधून कपड्यांच्या रांगेत टांगला.

बायको टॉवेल वाळत घालायला आली. तिनं टॉवेल घातला, फिल्टरकडे पाहिलं.

“हा किती वेळ वाळायचा आहे?”

“संध्याकाळपर्यंत.”

“मग चादर घालत नाही आज. डाग पडतील.”

एवढंच बोलून ती आत गेली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं याहून मोठी साथ कधी दिली नव्हती, असं तपासनीसांना वाटलं.

संध्याकाळी त्यांनी कारखान्याचं लेबल चिकटवलं, बुडाला बॅचचा नंबर मारला आणि कामावरून खिशात घालून आणलेला ‘पास’चा शिक्का काढला. सव्वीस वर्षांत तो शिक्का किती वेळा उठवला होता, त्याची गणती नाही. त्या संध्याकाळी मात्र शिक्का उठवताना त्यांचा हात जरासुद्धा जड झाला नाही. माल खरोखरच उत्तम होता. फक्त त्यांचा नव्हता.

व्याह्यांना त्यांनी सांगितलं, “बॅचमधून मी स्वतः निवडून काढलाय. हाच बसवून घ्या.” आणि गॅरेजात समोर उभं राहून बसवून घेतला.

दोन दिवसांनी फोन आला.

“व्याहीबुवा, गाडीला वास येतोय हो. रंगासारखा.”

“नवीन असताना येतो. ताजा माल आहे.”

“असं होय! म्हणजे शिळा माल नाही, हे आपोआपच सिद्ध झालं.”

आठवड्याभरात पुन्हा फोन. या वेळी आवाज चढलेला, पण आनंदानं. “अहो, सकाळची खडखड गेली की! चार वर्षं ऐकत होतो. मला वाटायचं, गाडी म्हातारी झाली. काय बनवता हो तुम्ही लोक!”

तपासनीसांचा जीव भांड्यात पडला. लेक दर पंधरा दिवसांनी डोंगर चढत होती, उतरत होती. गाडी एकदाही कुरकुरली नाही. गोष्ट इथंच संपायला हरकत नव्हती. पण व्याही सरळ माणूस होते, आणि सरळ माणसाला चांगली गोष्ट कळली की तो ती स्वतःजवळ ठेवत नाही.

रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मंडळात अकराजण गाडीवाले होते. महिन्याभरात अकराही गाड्यांत पिवळा फिल्टर गेला. खराखुरा पिवळा, अडतीस घड्यांचा. त्यातले एक निवृत्त पोस्टमास्तर कुरकुरत आले, की आमची गाडी तर उलट जास्त खडखडायला लागली.

“मग तुमचं इंजिन वाईट,” व्याह्यांनी निकाल दिला. “फिल्टरला दोष देऊ नका. माझ्या व्याह्यांच्या हाताखालून गेलेला माल आहे तो.”

हे त्यांनी तपासनीसांना कौतुकानं सांगितलं. तपासनीसांनी ‘हो का’ म्हटलं आणि चहात साखर नसतानाही चमचा ढवळत राहिले.

दिवस भरले, लेक सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला ते पार पडलं होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात व्याह्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, कुणाची तरी तारीफ करणारं पत्र लिहिलं. ते कारखान्याच्या मालकांना गेलं. चार पानांचं होतं.

कारखान्यालाही तारीफ करणारं पत्र पहिल्यांदाच येत होतं. धाकट्या मालकांनी ते दोनदा वाचलं, मग सेक्रेटरीकडून मोठ्यानं वाचून घेतलं, मग फ्रेम करून स्वागतकक्षात लावलं. शेवटच्या पानावर व्याह्यांनी लिहिलं होतं, की फिल्टर बदलायची वेळ आलीच आहे, आपली इच्छा असेल तर जुना फिल्टर मी जपून ठेवीन. मालकांची इच्छा होती. सूचनाफलकावर कागद लागला: येत्या शुक्रवारी दुपारी मोठ्या हॉलमध्ये सर्व कामगारांनी जमावे. समाधानी ग्राहकाचा सत्कार. जवळजवळ पाच महिने वापरलेला आपला फिल्टर सर्वांसमक्ष कापून दाखवण्यात येईल. कापणार, अर्थातच, तपास विभागाचे प्रमुख.

तपासनीस तो कागद वाचून तसेच तपास खोलीत गेले आणि स्टुलावर बसून राहिले. मग त्यांनी रजेचा अर्ज लिहिला. मालकांनी सेक्रेटरीकरवी निरोप पाठवला, बरं वाटेपर्यंत कार्यक्रम पुढे ढकलू, तुमच्याशिवाय शोभा नाही. तपासनीसांनी अर्ज मागे घेतला. मग ते व्याह्यांकडे गेले.

“जुना फिल्टर माझ्याकडे द्या ना. मी नेतो शुक्रवारी. तेलकट वस्तू, तुमचे कपडे खराब व्हायचे.”

“छे छे!” व्याह्यांनी कपाटातून एक जाड प्लास्टिकची पिशवी काढली. तोंड लाखेनं बंद केलेलं, वर तारीख, गॅरेजवाल्याची सही आणि खाली व्याह्यांची. “पुरावा आहे हा. उद्या कुणी म्हणायला नको की बदलला. मी स्वतःच्या हातानं आणणार.”

शुक्रवारी हॉल भरला. दोनशे कामगार, पुढच्या रांगेत कार्यालयातली मंडळी, फोटोग्राफर. व्याही इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर पिशवी घेऊन. मालकांनी माईक हातात घेतला, व्याह्यांना शाल-बिल न देता एक पिवळं घड्याळ दिलं, आणि पिशवी फोडली.

तपासनीसांनी फिल्टर शिकंज्यात धरला. कटर लावला. झाकण निघालं, काळं तेल परातीत उतरलं, आणि त्यांनी आतला कागद ओढून पांढऱ्या टेबलावर भात्यासारखा पसरला.

“बघा! बघा काय दणकट आहे!” मालक म्हणाले. मालक विक्रीचं शिक्षण घेऊन आलेले, कागद त्यांनी असा जवळून कधी पाहिला नव्हता. उत्साहाच्या भरात त्यांनी माईकवरच घड्या मोजायला सुरुवात केली. कामगारही सोबत मोजू लागले. तीसच्या पुढे आवाज जरा विरळ झाले. अडतीसला कामगार थांबले. मालक थांबले नाहीत.

“...छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न!”

त्यांनी टाळ्यांची वाट पाहिली. व्याह्यांनी वाजवल्या, एकट्यांनीच.

“आपल्या किती असतात?” मालकांनी माईक न हटवताच उत्पादनप्रमुखांना विचारलं.

“अडतीस, सर.”

“मग या वीस जास्तीच्या कुणी दिल्या?”

उत्पादनप्रमुखांनी मान वळवून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथं घडीच्या मशीनवरच्या मावशी बसल्या होत्या. एकोणीस वर्षं त्या एकाच मशीनवर होत्या.

“मावशी, मशीन तुमच्या ताब्यात असतं ना?”

“हो.”

“म्हणजे माझा कागद असा चाललाय!” मालकांचा चेहरा लाल झाला. तारीफ, ग्राहक, घड्याळ, सगळं ते विसरले. “स्वस्तातल्या मालात अठ्ठावन्न घड्या! हा फिल्टर इतका चालला यात नवल काय! चालणारच! याला धंदा म्हणतात का? चौकशी होईपर्यंत तुम्ही कामावर येऊ नका.”

मावशी उठल्या, पुढे आल्या, पदराला बोट पुसलं आणि कागदाच्या कडेवरून फिरवलं.

“साहेब, ही घडी माझी नाही. आणि हा कागद आपला नाही. इतका जाड कागद आपल्याकडे आलाच नाही कधी.”

“बॅच आपली आहे,” उत्पादनप्रमुखांनी बुडाकडे बोट दाखवलं. “शिक्का आपला आहे. आता तपास विभागाच्या साहेबांचा शिक्का खोटा म्हणायचा का मावशी? साहेब कशाला खोटा शिक्का मारतील?”

दोनशे माणसांनी तपासनीसांकडे पाहिलं. एकाच्याही नजरेत संशय नव्हता. भिंग आणि खोटं, हे दोन शब्द त्या कारखान्यात कुणी जोडून ऐकलेच नव्हते. नुसतं गप्प राहिलं तरी भागणार होतं. त्यांच्या इतक्या वर्षांच्या इभ्रतीनं मावशींची नोकरी बिनबोभाट गेली असती.

मावशी त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या अजून त्या कागदावरूनच बोट फिरवत होत्या, एखादं भारी कापड बघावं तशा.

“मावशी खरं बोलतायत,” तपासनीस म्हणाले. मालकांच्या हातातला माईक तपासनीसांच्या तोंडाशी आला होता, त्यामुळे ते बाहेरच्या आवारापर्यंत ऐकू गेलं. “हा आपला फिल्टर नाही. बाजारातला काळा आहे. मी विकत आणला, मीच रंगवला, शिक्काही मीच मारला.”

“पण... का?” मालकांना खरोखरच कळलं नव्हतं.

“माझी लेक त्या गाडीतून जात होती.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. फोटोग्राफरनं हळूच विचारलं, हा फोटो घ्यायचा का.

व्याही उभे राहिले. वर्गात उशिरा आलेल्या मुलाला विचारावं तसं शांतपणे त्यांनी विचारलं, “आणि तुमच्या स्वतःच्या गाडीत कुठला आहे?”

“हाच. न रंगवलेला.”

व्याह्यांनी पिवळं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि ते निघून गेले.

तपासनीसांना काढून टाकतील असंच सगळ्यांना वाटलं होतं. पण काढायचं तर पत्र द्यावं लागतं आणि पत्रात कारण लिहावं लागतं. मालकांनी तीन मसुदे करून पाहिले. प्रत्येकात कुठं ना कुठं ‘त्यांच्या लेकीसाठी त्यांना आपला फिल्टर पुरेसा वाटला नाही’ असं वाक्य यायचंच. शेवटी त्यांची बदली भांडारात केली, पेनं, वह्या आणि हातमोजे देण्याच्या कामावर. मावशींची चौकशी झाली नाही आणि कुणी माफीही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर होत्या. ‘पास’चा शिक्का उत्पादनप्रमुखांकडे गेला. माल बनवणारे तेच आणि तपासणारेही तेच झाल्यापासून नापास माल शून्यावर आला, आणि तीन महिन्यांत कारखान्याला गुणवत्तेचं मानपत्र मिळालं. ते स्वागतकक्षात, व्याह्यांच्या पत्राच्या मोकळ्या झालेल्या खिळ्यावर लागलं.

भांडारात मात्र गर्दी होऊ लागली. लोक पेन मागायला येत. पेन घेतल्यावर जरा घुटमळत, इकडेतिकडे बघत आणि विचारत, “साहेब, ते काळ्याचं दुकान नेमकं कुठं हो?” तपासनीस कागदाच्या चिठोऱ्यावर पत्ता लिहून देत. मावशी आल्या त्या पत्ता विचारायला नव्हे.

“मला ठाऊक आहे ते दुकान,” त्या म्हणाल्या. “भावाच्या गाडीत मीच घालायला लावलाय काळा. फक्त तुमच्यासारखं रंगवायचं नाही सुचलं.” त्यांनी जोडीभर हातमोजे घेतले आणि गेल्या. महिन्याच्या शेवटी उत्पादनप्रमुखही येऊन दोन पेनं घेऊन गेले.

व्याही बोलेनासे झाले. तपासनीस नातवाला बघायला गेले की ते वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत जात. विहीणबाई चहा देत, तोही जरा थंड. लेक एकदा दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही मला तरी सांगायचंत.”

“तू घरात बोलली असतीस.”

“बोलले असते,” ती म्हणाली. “म्हणूनच सांगायचंत.”

तिच्याकडूनच कळलं, की व्याही मंडळातल्या अकराही जणांच्या घरी स्वतः गेले आणि ‘माझी चूक झाली, तो फिल्टर काढा’ असं सांगून आले. नऊजणांनी काढला. दोघांनी काढायला नकार दिला. आमची गाडी पिवळ्यावर झकास चालते, तुम्हीच सांगितलं होतंत, आता काळ्या कंपनीनं तुम्हाला काय दिलं, असं त्यांनी विचारलं. त्यातले एक ते पोस्टमास्तर होते.

कार्यक्रमानंतर पाचव्या आठवड्यात, रविवारी सकाळी, तपासनीसांच्या फाटकाशी एक गाडी खडखडत येऊन थांबली. आवाज कानावर पडताच तपासनीसांनी हातातला चहा ठेवला. अस्सल पिवळा होता आत. कार्यक्रमाच्या आधी जुना काढून ठेवला तेव्हा गॅरेजवाल्यानं दुकानातला पिवळा घातला होता आणि रागाच्या भरात व्याह्यांनी तो तसाच राहू दिला होता.

व्याही उतरले. दोन्ही हातांत एकेक खोकं. एक पिवळं, एक काळं.

“दोन्ही मी विकत आणलेत,” ते म्हणाले. ‘व्याहीबुवा’ म्हणाले नाहीत. “कापा. मला बघायचंय. कुणी सांगितलेलं नकोय आता.”

मागच्या गॅलरीत दोघं बसले. तपासनीसांनी घरचा जुना कटर काढला. आधी पिवळा कापला, मग काळा. दोन्ही कागद शेजारी शेजारी पसरले. व्याह्यांनी चष्मा लावून घड्या स्वतः मोजल्या, दोन वेळा. तपासनीसांनी रबरं दाखवली. पिवळ्याचं ताणलं की कडेला चिरतं, काळ्याचं सुटून जागेवर येतं. स्प्रिंग दाखवली, आणि कागद दोन्ही बाजूंना धातूत नीट बसवलाय की नुसता चिकटवलाय, तेही दाखवलं. अर्धा तास ते बोलत होते. इतकं सलग आणि इतकं खरं ते आपल्या कामाबद्दल कधी बोलले नव्हते. बायकोनं चहा आणून ठेवला तोही कुणी पाहिला नाही.

“हे तुम्ही मला जेवताना सांगू शकला असतात,” व्याही म्हणाले.

“सव्वीस वर्षं रोज चांगला म्हणत आलो. कुणी विचारलं की तोंडातून तेच बाहेर पडतं. त्या दिवशीही पडलं. मग परत कसं गिळायचं, ते कळेना.”

व्याह्यांनी पिवळ्याचा कागद उचलून उजेडात धरला.

“रंग मात्र हुबेहूब दिला होतात,” ते म्हणाले.

“दोन हात दिले.”

“ते लक्षात आलं.” मग त्यांना एकदम बाहेरची गाडी आठवली. “आता गाडीत घालायचा कुठला? दोन्ही तर कापले आपण!”

दोघांनी समोरच्या चिंध्यांकडे पाहिलं. तपासनीसांना हसू आलं, पण व्याह्यांचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. मग व्याहीच हसले, नाकातून, एकदाच.

ते तपासनीसांच्या गाडीतून दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेले. दुकानदारानं काउंटरवर चार खोकी मांडली. स्वस्त पिवळा, मधल्या किमतीचा निळा, नेहमीचा काळा आणि एक चंदेरी, ज्याच्या खोक्यावरची भाषा तिघांपैकी कुणालाच येत नव्हती. चंदेरी काळ्याच्या दुप्पट किमतीचा होता.

“सांगा,” व्याही म्हणाले. “या वेळी खरं.”

तपासनीसांनी चारही हातात घेतले, वजन पाहिलं, बुडाच्या भोकांतून आत डोकावले, रबरावर नख फिरवलं. आणि त्यांना जे वाटत होतं तेच, शब्द न फिरवता, सांगितलं.

“खरं सांगू? तुमच्या गाडीला निळा पुरे. कागद चांगला आहे, रबर मऊ आहे. काळाही लागत नाही. माझ्या गाडीला मी काळा घालतो तो नुसता भीतीपोटी. आणि चंदेरीत चंदेरीपणाचेच पैसे आहेत. निळा घ्या, आणि वेळच्या वेळी बदला. बाकी काही नाही.”

व्याह्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग दुकानदाराकडे वळले.

“चंदेरी द्या,” ते म्हणाले.